बोर्ड निवडण्यापूर्वी गणित करा

मायक्रोकंट्रोलर म्हणजे सूक्ष्मनियंत्रक. तो बसवलेला बोर्ड घेऊन एखादे उपकरण स्वतः चालवावे, असे तुम्हालाही वाटत असेल. पण आर्डुइनो उनो, रास्पबेरी पाय पिको, ईएसपी३२ यांपैकी कोणता घ्यावा? सर्वांत वेगवान बोर्ड सर्वांत चांगला, असे पुष्कळांना वाटते. हे खरे आहे का, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी मोजायची आहे. एचसी-एसआर०४ हा संवेदक टाकीच्या झाकणाला आतून लावला, की तो श्राव्यातीत ध्वनीचा स्पंद सोडतो. पाण्यावर आदळून प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणून अंतरात १ सेंटिमीटर फरक पडला, तर जाण्यायेण्याच्या वेळेत सुमारे ५९ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. उनोतील घड्याळाचे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडतात. म्हणजे तेवढ्या वेळात ९०० हून अधिक! ईएसपी३२ याच्या पंधरापट वेगाने चालू शकतो, पण या कामासाठी त्या वेगाची गरजच नाही.

आता स्मृती पाहू. दर मिनिटाला २ बाइटची एक नोंद ठेवली, तर दिवसाच्या १४४० नोंदींना २८८० बाइट लागतील. उनोची तात्पुरती स्मृती अवघी २०४८ बाइट आहे. येथे मात्र उनो अपुरा पडतो; २६४ किलोबाइट स्मृतीच्या पिकोला हे सहज जमते.

तिसरी बाब विद्युतदाबाची. हा संवेदक ५ व्होल्टचा संकेत देतो. उनो ५ व्होल्टवरच चालतो. पिको आणि ईएसपी३२ यांच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या आहेत. संवेदक थेट जोडल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. यासाठी संवेदकाची प्रतिध्वनीची पिन आणि भूतार यांच्यामध्ये १ व २ किलोओहमचे रोध एकसरीत जोडावेत. २ किलोओहमचा रोध भूतारेच्या बाजूस ठेवून दोन्ही रोधांमधील बिंदू बोर्डाला जोडला, की तेथे सुमारे ३.३ व्होल्टच मिळतात.

नुसती पातळी पाहायची असेल, तर उनो पुरेसा आहे. नोंदी साठवायच्या असतील, तर पिको घ्या. तारेशिवाय माहिती घरात हवी असेल, तर वाय-फायची सोय असलेला ईएसपी३२ योग्य. आधी काम ठरवा, मग बोर्ड!

जाता जाता एक प्रश्न : दर ५ मिनिटांनी एकच नोंद घेतली, तर दिवसभरासाठी उनोची स्मृती पुरेल का? करा गणित!