मल्लेश्वरमची भट्टी आणि मराठी ताट

बंगळूरच्या मल्लेश्वरमात, जिला जुनी माणसे अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात त्या भारतीय विज्ञान संस्थेच्या समोर, म्हैसूर सरकारने १९३२ साली चिनी मातीचा एक कारखाना उभारला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या अमदानीतला, म्हणजे संस्थानातील उद्योगधंद्यांना दरबारचा सढळ आश्रय मिळत होता त्या काळातला हा कारखाना. 'गव्हर्नमेंट पोर्सिलेन फॅक्टरी' हे त्याचे मूळ नाव. १९७६मध्ये तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्सकडे वर्ग झाला. विजेच्या खांबांवर तारेला तोलून धरणारे चिनी मातीचे इन्सुलेटर हे त्याचे मुख्य उत्पादन. ज्या संस्थानाने १९०२ साली शिवनसमुद्रच्या प्रपातावर वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर नेली आणि १९०५मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लावले, त्या संस्थानाला तारांच्या प्रत्येक टेकूसाठी लागणारी ही वस्तू आपल्याच भट्टीतून निघावी असे वाटणे स्वाभाविकच होते.

ताटाविषयी लिहायला बसून मी इन्सुलेटरपासून आरंभ केला, याचे कारण या दोन वस्तूंचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे. जपानमध्ये मोरिमुरा घराण्याने १९०४ साली नागोयाजवळ चिनी मातीचा कारखाना काढला, तो युरोपीय पद्धतीचे जेवणाचे संच बनवण्यासाठी. कप जमले, बश्या जमल्या. परंतु २५ सेंटिमीटर व्यासाची सपाट, न वाकलेली ताटली जमेना, आणि ती जमून पहिला पुरा संच बाहेर पडायला १९१४ साल उजाडले. 'नोरिताके' या नावाने आज जगभर ओळखला जातो तो हाच कारखाना. आणि याच कारखान्याच्या पोटातून १९१९ साली इन्सुलेटर बनवणारी स्वतंत्र कंपनी निघाली. विजेचा प्रचंड दाब सोसणारी वस्तू ज्यांना साधली होती त्यांनाही एका ताटलीने दहा वर्षे झुलवले, ही गोष्ट मल्लेश्वरमातल्या एका लहानशा कार्यशाळेत पहिल्यांदा पाऊल ठेवले तेव्हा मला पुनःपुन्हा आठवत होती.

मल्लेश्वरमात मराठी माणसाने स्वतःला परका समजण्याचे कारण नाही. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. आणि ज्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून या वस्तीला नाव मिळाले, त्या देवाला शहाजीपुत्र एकोजीराजांनी १६६९ साली मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा शिलालेख तेथेच आहे. १८९८च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या पेठांतून माणसे मोकळ्या हवेत राहावयास आली आणि सरळ रेषेत आखलेले हे उपनगर भरत गेले. संपिगे म्हणजे सोनचाफा. त्याच्या नावाच्या रस्त्यावरून आठव्या क्रॉसच्या बाजाराकडे जाताना फुलांचा आणि भाजलेल्या कॉफीच्या बियांचा वास एकमेकांत मिसळून येतो. मात्र ही वस्ती खाणेपिण्याच्या बाबतीत सर्वस्वी केळीच्या पानाची आणि धातूच्या भांड्यांची. कॉफी येते ती स्टीलच्या पेल्यातून आणि दवऱ्यातून. येथे चिनी मातीचे ताट मांडणे म्हणजे परंपरेच्या दारात उभे राहून तिची परवानगी मागण्यासारखे आहे.

आपल्या महाराष्ट्रात तरी काय निराळे होते? धर्मशास्त्राच्या दृष्टीने धातूचे भांडे राखेने, चिंचेने घासले म्हणजे शुद्ध होते. मातीचे एकदा उष्टे झाले की फेकूनच द्यावयाचे. झिलई दिलेली चिनी माती पाणी शोषत नाही, हा रसायनशास्त्राचा निर्वाळा सोवळ्याच्या दफ्तरी कधी नोंदला गेला नाही. त्यामुळे कपबशी घरात शिरली ती चहाबरोबर आणि राहिली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. कित्येक घरांत आणि हॉटेलांत ती वेगळ्या फळीवर ठेवून माणसामाणसांत भेद करण्याच्या कामीही वापरली गेली, हे विसरता येत नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली टिळक-रानड्यांसारख्यांपुढे आलेल्या चहाने केवढे वादळ उठवले, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण कसे गेले, हे सर्वश्रुतच आहे.

चिनी मातीच्या घराण्यातील एकाच भांड्याला आपल्या स्वयंपाकघरात मानाची जागा मिळाली, ते म्हणजे लोणच्याची बरणी. वर तपकिरी, खाली पिवळसर पांढरी, दादऱ्याचे फडके बांधलेली. मीठ आणि आंबटपणा यांच्यापुढे पितळ कळकते, लोखंड गंजते. परंतु उच्च तापमानाला भाजून काचेसारखी घट्ट झालेली माती वर्षभर निर्विकार राहते, एवढा अनुभव आमच्या आज्यांना पुरेसा होता. सौराष्ट्रातील थानगढ-मोरबीकडच्या आजच्या अवाढव्य सिरॅमिक धंद्याच्या आरंभीच्या प्रवर्तकांत परशुराम गणपुले हा मराठी माणूस होता आणि 'परशुराम पॉटरी वर्क्स' हे नाव गुजरातेत नावारूपाला आले, याची जाणीव मराठी वाचकांत असावी तितकी नाही.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची शाखा सुरू केली. सिंधमधील झिलईकामाची विद्या तेथे आली, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृती सुरयांवर उमटल्या. ती पात्रे आजही लंडनच्या संग्रहालयात शोभतात. पण ती शोभण्यासाठीच होती. त्यांत कोणी वरण वाढले नाही. आपल्या जेवणासाठी चिनी मातीचा विचार मुळापासून कोणी करावा, हे काम तसेच राहून गेले होते, आणि मल्लेश्वरमातल्या त्या कार्यशाळेत मला ते होताना दिसले म्हणून हा लेखनप्रपंच.

एका जुन्या घराचा मागचा भाग, जांभळाच्या झाडाखाली पत्र्याची पडवी, दोन विजेवर चालणारी चाके, एक विजेची भट्टी, आणि भिंतीला टेकून उभ्या लाकडी फळ्यांवर वाळत ठेवलेली ताटे, असा त्या कार्यशाळेचा सरंजाम. ती चालवणाऱ्या बाई मूळच्या बेळगावकडच्या. कानडी आणि मराठी दोन्ही त्यांच्या तोंडी सारख्याच सहज. खानापूर तालुक्याची माती आणि तेथील कुंभारकी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्राम-कुंभारकाम संस्था याच खानापुरात आहे. दक्षिणेतील अनेक कलावंतांप्रमाणे पुढे त्यांची दृष्टी पाँडिचेरीकडे वळली. तेथे १९७१मध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी काढलेल्या 'गोल्डन ब्रिज पॉटरी'ने रोजच्या वापराची, हाताने घडवलेली स्टोनवेअरची भांडी देशभर पोचवली आणि शिष्यांच्या पिढ्या तयार केल्या. पुण्यातील 'क्युरेटर्स ऑफ क्ले'सारख्या कार्यशाळा आज उपाहारगृहांसाठी खास ताटे घडवतात, त्यामागची भूमीही अशाच कार्यशाळांनी नांगरून ठेवलेली होती.

"काका, २७चं ताट हवं असेल तर ३०.७चं करावं लागतं," बाई म्हणाल्या, आणि वहीतला हिशेब पुढे केला. या मातीचे आकसणे बारा टक्के. ओल्या मातीतले पाणी उडते, कण जवळ येतात. पुढे भट्टीत त्यांच्या सांध्यांतून फेल्स्पारसारखी द्रव्ये वितळून काच होते आणि कण आणखी आवळले जातात. कारागिराला म्हणून आपल्या डोळ्यांपुढे सदैव दोन वस्तू ठेवाव्या लागतात: हातात असलेली आणि अजून जन्माला न आलेली.

माती तिंबून, तिच्यातली हवा काढून, गोळा चाकाच्या मध्यावर आणण्यात त्यांचे एक मिनिटसुद्धा गेले नाही. त्यानंतर तळहाताच्या कडेने तळ दाबण्यात मात्र त्या कितीतरी वेळ रमल्या. तळ नीट दाबला गेला नाही तर वाळताना त्यात नागमोडी चीर पडते, आणि पुष्कळदा ती भाजून बाहेर आल्यावरच नजरेस पडते. कड अधिक लवकर वाळते म्हणून तिच्यावर प्लास्टिक पांघरायचे, मध्य उघडा ठेवायचा. माती चामड्याइतकी घट्ट झाली की ताट उलथे घालून खालची बैठक कोरायची. मोठ्या ताटाला एका कड्यावर भागत नाही, आत दुसरे लहान कडे ठेवावे लागते, नाहीतर भट्टीत मऊ झालेला तळ आपल्याच भाराने खाली बसतो. नोरिताकेवाल्यांची दहा वर्षे कोठे गेली असतील, ते या दुसऱ्या कड्यावर बोट फिरवताना माझ्या ध्यानात आले.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच. तेथली हवा मवाळ, म्हणून सावकाश वाळवण्याचे हे काम तेथे सुखाने चालते. पावसाळ्यात मुदत दुप्पट होते आणि फाल्गुनातल्या कोरड्या दुपारी ताटांवर अक्षरशः पहारा करावा लागतो.

पहिली भाजणी साधारण साडेनऊशे अंशांपर्यंत. ५७३ अंशांना मातीतील गारेच्या कणांची रचना एकाएकी बदलते आणि ते फुगतात. थंड होताना त्याच बिंदूला आकसतात, म्हणून तो टप्पा चढतानाही आणि उतरतानाही दमाने ओलांडावा लागतो. मग ताट झिलईच्या बादलीत बुडवायचे, तळाचे कडे ओल्या स्पंजाने स्वच्छ पुसायचे, कारण झिलईचा एक थेंब तेथे राहिला तरी ताट भट्टीच्या फळीला कायमचे चिकटते. दुसरी भाजणी १२३० अंशांच्या आसपास. चढायला दहा-बारा तास आणि उतरायला त्याहून अधिक. या वेळी घाई करून झाकण उघडणाऱ्याला ताटे टणत्कार करून उत्तर देतात, आणि तो टणत्कार तडा गेल्याचा असतो.

परंतु खरा विचार मला झिलईच्या रंगात नव्हे, लिंबाच्या फोडीत दिसला. प्रत्येक नव्या झिलईच्या चाचणीतुकड्यावर बाई लिंबाची फोड पालथी घालून रात्रभर ठेवतात. सकाळी तेथे फिकट वर्तुळ उमटले तर आम्लाने झिलईतील द्रव्य ओढून घेतले असे समजायचे आणि ती कृती वहीत काट मारून बाद करायची. आपल्या ताटात लिंबू वरच्या डाव्या अंगाला तासभर पडून असते. चिंच, आमसूल, दही, लोणचे यांचा सहवास वेगळाच. पाश्चात्त्य जेवणाची ताटली इतक्या आम्लाशी रोज दोन वेळा झुंजत नाही. झिलईत बारीक रेघा असतील तर हळद त्यांत शिरून बसते. झिलई फार मंद, खरबरीत असेल तर स्टीलच्या चमच्याची काळी ओढ तिच्यावर उठते आणि हाताने जेवणाऱ्याच्या बोटांनाही ती रुचत नाही. भात कालवताना बोटांची टोके ताटाच्या पृष्ठभागावर सतत फिरतात. काटा-चमच्याने जेवणाऱ्यांसाठी झिलई डोळ्यांनी निवडली तरी चालते. आपल्यासाठी ती बोटांनी निवडावी लागते. या एका वाक्यात या धंद्याचे सारे भारतीयत्व सामावले आहे, असे मला मनापासून वाटते.

वाटीचा प्रश्न त्याहून अवघड. धातूच्या ताटात धातूची वाटी निर्धास्त बसते. चिनी मातीच्या ताटात ती काळे ओरखडे उठवते आणि घसरते; वाटीही मातीचीच केली तर ताट उचलताना मनगटाला जड होते. बाईंनी तीन वेगवेगळ्या घडणींची ताटे केली होती: एकात वाटीसाठी उथळ खळगा, दुसऱ्यात ताटातूनच उठलेली आडवी मेर, तिसऱ्यात नुसतीच उंच कड. आमच्या पंक्तीतली डावी बाजू, उजवी बाजू, मधली मूद, हे सारे मी त्यांना कागदावर काढून दाखवले. त्यांच्या घरी ते ठाऊक होतेच, पण माप कोणी घेतले नव्हते. चटणीला दोन बोटे, कोशिंबिरीला चार, असे करत करत आम्ही दोघांनी दुपार घालवली.

भट्टी उघडली ती दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा. आतली ऊब चेहऱ्यावर येत होती. बाईंनी हातमोजे घालून एकेक ताट काढले, प्रत्येकाला बोटाने टिचकी मारली. एक बद्द वाजले, ते निमूट बाजूला ठेवले. उरलेल्यांतील मेर असलेले ताट त्यांनी स्वच्छ धुतले, आतून भात, चिंचगुळाची आमटी आणि काकडीची कोशिंबीर आणली आणि वाढून माझ्यापुढे ठेवली.

"जेवा काका, आणि खरं सांगा."

भात छान कालवला गेला. झिलई बोटांना लोण्यासारखी लागली. कोशिंबीर मेरेपलीकडे आपल्या जागी राहिली. आमटी मात्र ताट कलते होताच मेरेच्या टोकाजवळून पलीकडे वाहिली आणि दह्यात मिसळली. मी ते बोटाने दाखवले. बाईंनी ताट हातात घेऊन उजेडाकडे धरले, मेरेचे टोक अंगठ्याने चाचपले आणि वहीत त्या तारखेखाली लिहिले: मेर कडेपर्यंत न्यावी, टोकाशी ४ मिलिमीटर उंच.