गुडघ्याला चांदीचा मुलामा

गुडघा बदलायचं ऑपरेशन आता आपल्या वेल्ह्याच्या डोंगरातल्या बायकांनाही नवं राहिलेलं नाही. २०१७ साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हापासून तर पुष्कळजणी धीर करू लागल्यात. पण मैत्रिणींनो, खर्चाची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो आणि जंतुसंसर्गाबद्दल एकही प्रश्न विचारत नाही.

आमच्या बचत गटातल्या एक मावशी मला म्हणाल्या, "अगं, धातूला कुठं जंतू लागतात व्हय?" लागतात! धातूत रक्त खेळत नाही, त्यामुळे तिथं शरीराचा पहारा कमी पडतो. जंतू एकदा चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, हंड्याला आतून बसतो ना, तसाच. त्याखाली औषध नीट पोचत नाही. मग पुन्हा ऑपरेशन, कधी सांधाच काढून दुसरा बसवायचा. शंभरात एखाद-दुसरीलाच हे होतं, पण जिला होतं तिचं सगळं घर अंथरुणाला खिळतं.

यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली, धातूलाच जंतुनाशक मुलामा द्यायचा. जर्मनीत हाडाच्या कॅन्सरनंतर बसवायच्या मोठ्या सांध्यांना चांदीचा मुलामा देतात. जपानमध्ये कानाझावाच्या डॉक्टरांनी आयोडीनचा थर वापरला. बाळाला चांदीच्या वाटीतून भरवणाऱ्या आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या! मात्र चांदी जास्त झाली तर शरीरालाही बाधते, आणि जिथं सांधा घासतो तिथं असा थर टिकत नाही. त्यामुळे साध्या गुडघ्याला हा मुलामा अजून सर्रास मिळत नाही. सांधा चिकटवायच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत मात्र १९७० पासूनची, जर्मनीतल्याच हॅम्बुर्गची. ते आपल्यासाठी वापरणार का, हे डॉक्टरांना बेधडक विचारावं.

बाकीचं बरंचसं आपल्या हातात आहे. आषाढात भातलावणीला दिवसभर चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचा फुटतात. जंतूंना तेवढी वाट पुरते. चिखल्या बऱ्या होईस्तोवर ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं तरी चालेल, पण त्या लपवू नका. किडका दात, लघवीची जळजळ, वाढलेली साखर हेही आधीच सांगा. आपल्याला सांगायचीच लाज वाटते, तिथंच घोडं अडतं.

घरी आल्यावर टाक्यांवर हळद नको, तेल नको, आणि 'जरा चोळून देते' म्हणणाऱ्या शेजारणीला लांबूनच नमस्कार. जखम पाझरू लागली, लाल झाली, ताप आला किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. त्यानं वरवर बरं वाटतं, आतले जंतू तपासणीत सापडेनासे होतात आणि दिवस मात्र हातचे जातात. पुण्याच्या फेऱ्यात एक रोज बुडतो, घरचे कुरकुरतात, ठाऊक आहे मला. तरी ज्यांनी ऑपरेशन केलं, त्यांनाच त्याच दिवशी फोन करायचा आणि निघायचं.