कार्मेनचा ताफा

ब्राझीलची गायिका कार्मेन मिरांडा हिच्या केळ्यांच्या सिनेमाबद्दल आज लिहीन असं म्हटलं होतं, पण तो आता पुढच्या आठवड्यात. मधल्या दिवसांत बऱ्याच जणांनी विचारलं, कार्मेन मिरांडाच्या डोक्यावरची फळं खरी होती का? मात्र सांगलीच्या एका तबलावादक वाचकांचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला. न्यूयॉर्कमध्ये वादकांचा काय दुष्काळ पडला होता, म्हणून ही बाई रिओहून आपला ताफा घेऊन निघाली?

१९३९ साली ब्रॉडवेचा निर्माता ली शुबर्ट याने तिला रिओच्या उर्का कॅसिनोत ऐकलं आणि ब्रॉडवेवर आणायचं ठरवलं. त्याला कार्मेन हवी होती. तो फेटा, ते हात, ते डोळे. वादक इथे ढिगाने पडलेत, तिथून आणायचा खर्च कशाला, हा त्याचा हिशेब. कार्मेन अडून बसली. 'बांदो दा लुआ' या माझ्या ताफ्याची पोरं येणार असतील तरच मी येईन. शेवटी त्यांच्या प्रवासखर्चासाठी ब्राझील सरकार पुढे आलं. राष्ट्राध्यक्ष वार्गासच्या राजवटीला सांबा देशाची ओळख म्हणून मिरवायचाच होता. मे महिन्यात सगळे 'उरुग्वे' जहाजात चढले.

हा नुसता हट्ट नव्हता. सांबा दोन मात्रांचा, आणि त्यातलं वजन पडतं दुसरीवर. पांदेइरो, म्हणजे आपल्या खंजिरीसारखं झांजा लावलेलं वाद्य, त्या दोन मात्रांच्या आत बारीक बारीक ठोके भरत राहतं. वर चार तारांचं चिमुकलं काव्हाकिन्यो खणखणतं. कार्मेन या जाळीतून शब्द सोडते. एका दमात ढीगभर, कधी मात्रेच्या किंचित आधी, कधी जरा रेंगाळून. रिओत तिने अडीचशेहून अधिक गाणी रेकॉर्ड केली होती, ती याच तालमीत. कागदावरची सुरावट बघून वाजवणारा ब्रॉडवेचा वादक तिच्याबरोबर पहिल्या ओळीतच घसरला असता. तिथे तेव्हा दक्षिणेकडचं जे काही येईल ते सरसकट क्युबाचा रुंबा म्हणून वाजवायची पद्धत होती. क्युबा कुठे नि ब्राझील कुठे!

'स्ट्रीट्स ऑफ पॅरिस' या ब्रॉडवेच्या कार्यक्रमात तिच्या वाट्याला जेमतेम सहा मिनिटं आली. गाणी बहुतेक पोर्तुगीजमध्ये, प्रेक्षकांना अक्षरही कळत नव्हतं, तरी शहर वेडं झालं. सगळे तिच्या फेट्याबद्दल लिहीत राहिले. माझ्या मते निम्मं श्रेय मागे उभ्या राहिलेल्या त्या पोरांचं आहे.

१९४०चा 'डाउन अर्जेंटाइन वे' हा सिनेमा मिळाला तर बघा. ती न्यूयॉर्कच्या करारात अडकलेली, म्हणून फॉक्स कंपनीने कॅमेरेच तिकडे धाडले आणि तिची गाणी तिथेच चित्रित केली. बाकीचा बराचसा सिनेमा हॉलिवूडमध्ये. पहिल्या खेपेला तिच्याकडे बघून घ्या, दुसऱ्या खेपेला नजर मागे ठेवा.

त्या ताफ्यातला आलोइझिओ द ऑलिव्हेरा तिच्यासोबत शेवटपर्यंत राहिला. १९५५मध्ये ती गेल्यावर तो ब्राझीलला परतला, ओदेऑन कंपनीत रेकॉर्डिंगचं काम बघू लागला, आणि १९६३ साली त्याने 'एलेन्को' ही स्वतःची कंपनी काढली. बोसा नोव्हाच्या कितीतरी तबकड्या तिथून आल्या.

फळांचं उत्तर केळ्यांबरोबरच देतो. तोवर एवढंच सांगतो की तरुणपणी ती रिओत टोप्यांच्या दुकानात कामाला होती.