वितरित संचयातील माहितीची पुनर्प्राप्ती

अनेक संगणकांच्या तबकड्यांवर (डिस्कांवर) विभागून साठविलेल्या माहितीपैकी एखाद्या निकामी तबकडीवरील भाग उरलेल्या तबकड्यांच्या साहाय्याने पुन्हा सिद्ध करण्याची क्रिया. एक तबकडी वर्षानुवर्षे टिकत असली, तरी हजारो तबकड्यांच्या संचात कोणती ना कोणती बिघडणे ही नित्याची घटना असते. म्हणून बिघाड गृहीत धरूनच अशा यंत्रणांची रचना करतात.

प्रतींची पद्धत : गूगल फाइल सिस्टिम (२००३) या यंत्रणेत फाइलीचे ६४ मेगाबाइटचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या सामान्यतः तीन प्रती निरनिराळ्या संगणकांवर ठेवीत. हडूप या यंत्रणेतही तीन प्रतींचा प्रघात आहे. प्रत्येक संगणक नियंत्रकाकडे ठराविक अंतराने संदेश पाठवितो. तो बराच काळ न आल्यास नियंत्रक शिल्लक प्रतींवरून नव्या प्रती अन्यत्र करवून घेतो. या प्रती अनेक संगणकांवर विखुरलेल्या असल्याने हे काम एकाच वेळी अनेक ठिकाणी चालते व लवकर संपते. मात्र या पद्धतीत जागा तिप्पट लागते.

संकेतन पद्धत : १०११ व ०११० या दोन तुकड्यांच्या प्रत्येक स्थानी १ ची संख्या विषम असल्यास १ व सम असल्यास ० मांडला, तर ११०१ हा समता-तुकडा मिळतो. पहिला तुकडा नष्ट झाल्यास उरलेल्या दोहोंना हाच नियम लावून १०११ परत मिळते. रीड व सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतनाने एकाहून अधिक तुकड्यांची हानीही भरून निघते. दहा मूळ तुकड्यांना चार पूरक तुकडे जोडल्यास चौदांपैकी कोणतेही चार गमावले तरी माहिती शाबूत राहते व जागा केवळ १·४ पट लागते; परंतु एक तुकडा परत मिळविण्यासाठी दहा तुकडे वाचावे लागतात. हा भार कमी करण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या अझूर यंत्रणेसाठी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकेतनात बारा तुकड्यांचे दोन गट पाडून प्रत्येकास स्वतंत्र समता-तुकडा दिला. त्यामुळे एका मूळ तुकड्यासाठी सहाच तुकडे वाचणे पुरते.

मर्यादा : पुनर्प्राप्ती पूर्ण होईपर्यंतचा काळ धोक्याचा असतो, तेवढ्यात आणखी तबकड्या बिघडल्यास माहिती कायमची नष्ट होऊ शकते. त्यामुळे दुरुस्तीचा वेग हीच सुरक्षिततेची एक कसोटी ठरते. तथापि दुरुस्ती फार उतावळेपणाने सुरू केल्यास क्षणिक खंडित झालेल्या संगणकासाठीही जालावर व्यर्थ ताण पडतो. तबकडी चालू असूनही तिच्यावरील मजकूर नकळत बिघडू शकतो; तो ओळखण्यासाठी तुकड्यांसोबत पडताळा-अंक ठेवून ते वेळोवेळी तपासतात. चुकीने पुसलेली माहिती मात्र सर्व प्रतींमधून पुसली जाते. म्हणून ही व्यवस्था स्वतंत्र राखीव प्रतीला पर्याय ठरू शकत नाही.