पाणी उंबऱ्याला लागण्याआधी

पूर ओसरल्यावर जे केले जाते ते मदतकार्य. पूर येणार हे कळल्यापासून पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत जे केले जाते ती पूर्वकृती. जनावरे उंचावर नेणे, धान्य माळ्यावर चढवणे, गरोदर बाईला वेळेत तालुक्याच्या गावी पोहोचवणे, हातावर पोट असणाऱ्या घराला स्थलांतराचा खर्च आधीच देणे, हे सारे त्यात येते. अशा कृतीला आज कितपत वाव आहे आणि ती कुठे अडते, हे तपासण्यासाठी सरकारी यंत्रणा किंवा संस्था बाहेरचा सल्लागार नेमतात. अशी पाहणी नेमकी कशाची करायची असते, हे सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्याच्या उदाहरणावरून चांगले समजते.

महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेला कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना मिळते. तिथून वाळवा तालुक्यातून ती पलूसकडे येते. आमणापूर, अंकलखोप, औदुंबर, भिलवडी ही या तालुक्यातली नदीकाठची ठळक नावे. पुढे ब्रह्मनाळला येरळा कृष्णेत येते आणि मग सांगली. काठाची मळीची जमीन कसदार. ऊस, भाजीपाला, दावणीला म्हशी आणि दुधाचा जोडधंदा, त्यामुळे नदीपासून लांब जाणे कोणालाच परवडत नाही. वरच्या बाजूला १०५ टीएमसी क्षमतेचे कोयना धरण आहे. नवजा, कोयनानगर आणि महाबळेश्वरचा पाऊस वाढला, धरणाचे दरवाजे उचलले, की त्याचा परिणाम काही तासांनी खाली दिसू लागतो. ते मधले तास हेच पूर्वकृतीचे भांडवल.

ऑगस्ट २०१९ मध्ये ते तास हातातून निसटले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी सुमारे साडेसत्तावन फुटांवर गेले. २००५ चा महापूर सुमारे ५४ फुटांचा होता. अनेक घरांनी त्याच खुणेवर विसंबून सामान रचले होते, ‘तेव्हा इथवर आले होते, यापुढे येणार नाही’ या हिशेबाने. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये गावकऱ्यांना बाहेर काढताना बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसांचा जीव गेला. मृतांत बायका आणि लहान मुले होती. पाऊस वाढल्याचे, विसर्ग सुरू असल्याचे कानावर येत होते. तरी गाव बाहेर पडले ते वेढा पडल्यावर, बोटीतून. चांगल्या पाहणीला ज्याचा छडा लावायचा असतो ते अंतर हेच: खबर कानावर पडणे आणि पाय घराबाहेर पडणे यांतले.

त्यानंतर राज्य सरकारने निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. तिने २०२० मध्ये अहवाल दिला. धरणांचे परिचालन, नदीपात्रातील अडथळे, पूररेषा हे विषय अशा तांत्रिक समित्यांचे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, पण या वेळी अनेक गावांतले लोक जनावरांसह लवकर बाहेर पडले. हा फरक कशाने पडला? २०१९ ची धास्ती, प्रशासनाची घाई, गावातली तरुण मुले, की मोबाईलवर येणारे क्युसेकचे आकडे? याचे उत्तर धरणाच्या नोंदवहीत सापडत नाही, त्यासाठी घरोघरी विचारावे लागते. सल्लागाराचे खरे काम इथे सुरू होते.

नेमणुकीआधी लिहायचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कार्यकक्षा. ‘पूरप्रवण गावांतील सज्जतेचा अभ्यास करणे’ एवढेच त्यात लिहिले, तर हाती येतो रंगीत नकाशांचा जाडजूड अहवाल, आणि तो कपाटात जातो. प्रश्न नेमके असावे लागतात. कोणत्या पुलावर किती पाणी आल्यावर कोणत्या गल्लीने निघायचे? तो निर्णय कोण देणार, आणि तो माणूस रात्री दोन वाजता फोन उचलतो का? सगळी जनावरे हलवायला किती तास आणि किती ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात? निवाऱ्याच्या जागी वैरण कोण पुरवणार?

पहिल्याच प्रश्नात पलूसची एक खास अडचण आहे. बातम्यांत आकडा चालतो तो आयर्विन पुलाचा, आणि सांगली तर पलूसच्या खाली आहे. काठावरच्या गावांना कराड, बहे आणि ताकारीच्या पुलांवरची पातळी आधी कळायला हवी, मग भिलवडीची. शिवाय गावाचे माप निराळेच असते. औदुंबरच्या दत्त मंदिरात पाणी आले, अमुक ओढ्यावरचा रस्ता बुडाला, अशा खुणांनी लोक पूर मोजतात. कृष्णा फुगली की येरळेचे पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे चढतो आणि पुढून सुरक्षित वाटणारे गाव मागून कोंडले जाते. म्हणून पुलावरचे फूट आणि गावातली खूण यांचा मेळ घालणारा तक्ता हे या पाहणीचे सर्वांत मोलाचे फळ ठरेल. तो बनवायला जलसंपदा विभागाच्या जुन्या नोंदी लागतात आणि तितक्याच निकडीने पाराखालची म्हातारी माणसेही लागतात.

सल्लागाराची निवड सहसा दोन लिफाफ्यांच्या निविदेने होते, एकात तांत्रिक प्रस्ताव आणि दुसऱ्यात दर. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम गुणवत्ता आणि खर्च या दोन्हींना भार देऊन निवड करायची मुभा देतात; त्यात गुणवत्तेचा भार ८० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. ही मुभा अशा कामात वापरायलाच हवी. सर्वांत कमी दर देणारा बहुधा पुण्या-मुंबईत बसून फोनवर फॉर्म भरून घेतो. इथे मराठी बोलणारे, गोठ्यात बसून ऐकू शकणारे लोक लागतात, चमूत बायका लागतात, आणि नदीचे गणित समजणारा निदान एक अभियंता लागतो.

नमुना निवडताना नेहमीची चूक ठरलेली असते: सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि रस्त्यालगतची चार घरे. सर्वांत उशिरा निघतात ती माणसे या यादीत नसतातच. दावणीच्या म्हशीसाठी मागे राहिलेला शेतकरी, चोरीच्या भीतीने थांबलेला घरधनी, अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून न निघालेली सून, शेतात खोपट घालून राहणारा मजूर. त्यांच्या थांबण्यामागे हिशेब असतो, आणि त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणारा अहवाल निरुपयोगी ठरतो. म्हशीची सोय झाली तर माणूस निघतो. म्हणून प्रश्नावलीत ‘इशारा मिळाला का’ यापुढे ‘मिळाल्यावर पहिले कोणते काम केले, त्याला किती वेळ लागला’ हे विचारायला हवे. त्या तासांची बेरीज उलटी मोजत गेली, की निघण्याची वेळ कळते. समजा, एका वस्तीला जनावरे आणि माणसे हलवायला दहा तास लागतात आणि रस्ता पहाटे चारला बुडणार आहे. तर निर्णय आदल्या संध्याकाळी सहाच्या आत झाला पाहिजे, अंधार पडायच्या आत.

खोट्या इशाऱ्याचाही विचार पाहणीत हवा. लोकांना तीनदा हलवले आणि पाणी आलेच नाही, तर चौथ्यांदा कोण हलेल? किती वेळा वाया गेलेली धावपळ गाव सोसू शकते हे गावालाच विचारून ठरवायचे असते, आणि निर्णयाची पातळी त्यानुसार बांधायची.

उरतो पैसा. आपल्याकडे मदत पंचनाम्याच्या मागून येते. बांगलादेशात जुलै २०२० मध्ये जमुनेच्या पुराचा अंदाज ठरलेल्या पातळीपलीकडे जाताच संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पैसा सुटला, आणि पाणी शिगेला पोहोचण्याआधी हजारो कुटुंबांच्या मोबाईल खात्यात प्रत्येकी साडेचार हजार टका जमा झाले. नंतरच्या अभ्यासात, पैसे मिळालेल्या कुटुंबांवर पुराच्या काळात दिवसभर उपाशी राहण्याची वेळ येण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी आढळली. भारतात पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीचा २० टक्के वाटा सौम्यीकरणासाठी वेगळा काढला, आणि प्रतिसाद निधीतही पूर्वतयारी व क्षमतावाढीसाठी जागा ठेवली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला यातून इंधन, वैरण, बोटी यांसाठी पावसाळ्याआधी काय राखून ठेवता येईल, हे सल्लागाराने नियमांच्या भाषेत मांडून द्यायचे असते.

काम पुरे झाल्याचा दाखला देण्याआधी निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवण्याची अट करारात असावी, आणि शेवटचा हप्ता रंगीत तालमीनंतरच द्यावा. तालीम मे महिन्याच्या अखेरीस, उन्हाळी कामे उरकल्यावर घेता येते. तेव्हा बोट पाण्यात उतरवून बघावी. ती किती माणसे पेलते तो आकडा तिच्या अंगावर ठळक रंगात लिहावा, लाइफ जॅकेट तेवढीच आहेत का ते मोजावे, आणि ती चालवणाऱ्या दोघांची नावे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावीत.