कुटुंबांतर्गत लैंगिक हिंसा आणि पीडितेला आधार : महाविद्यालयीन शिक्षकाच्या भूमिकेचा विचार

प्रस्तावना

पनवेलहून माथेरानच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यालगतचे सुकापूर हे मूळचे खेडे. नवीन पनवेलच्या वाढीबरोबर तेथे गृहसंकुले उभी राहिली आणि ठिकठिकाणांहून आलेली कुटुंबे स्थिरावली. अशा वस्तीत सदनिका लहान, आप्तस्वकीय गावाकडे आणि शेजार चार-दोन वर्षांचा असतो. घरातल्याच कोणाकडून अत्याचार झाल्यास मुलीने सांगायचे कोणाला? पुष्कळदा ती महाविद्यालयातील एखाद्या बाईंना सांगते. तिने सांगितल्यावर पुढे काय घडावयास हवे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

असा अत्याचार अनोळखी व्यक्ती करते, ही समजूत आकडेवारीला उतरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतील बालकांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 53.22 टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून थोडी अधिकच होती. पुढील विवेचनात 'पीडिता' हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. मुलगेही त्यात अभिप्रेत आहेत.

ऐकणारी पहिली व्यक्ती

पीडितेला पहिल्यांदा जे उत्तर मिळते, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. 'तेव्हाच का बोलली नाहीस?', 'ओरडली का नाहीस?' हे प्रश्न सद्हेतूने विचारले गेले तरी ते उलटतपासणीचेच प्रश्न असतात. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 साली घडलेल्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपींना निर्दोष ठरविताना अंगावर जखमा नसल्याचा आधार घेतला होता. त्यावर देशभर चळवळ झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. घराघरांतील आणि स्टाफरूममधील विचारपद्धती मात्र त्या वेगाने बदलली नाही. शिक्षकाने तपास करावयाचा नसतो. ऐकून घ्यावयाचे असते. 'तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझा दोष नाही' एवढे म्हणणे त्या क्षणी पुरेसे ठरते.

येथे एक खरी अडचण उभी राहते. अकरावी-बारावीतील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्या बाबतीत पोक्सो कायदा (2012) लागू होतो. त्याच्या कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक असून न कळविल्यास कलम 21 नुसार शिक्षा आहे. राजुरा (जि. चंद्रपूर) येथील शाळेच्या वसतिगृहातील मुलींवरील अत्याचाराची माहिती न दिल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निर्णय फिरविला आणि अशी माहिती तत्परतेने देण्याचे महत्त्व अधोरेखित केले. म्हणून 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन अल्पवयीन विद्यार्थिनीला देणे म्हणजे तिचा दुसऱ्यांदा विश्वासघात करणे होय. ती बोलू लागण्यापूर्वीच, शक्य तितक्या मृदू शब्दांत, ही मर्यादा तिला सांगावी. अठरा वर्षांवरील पीडितेच्या बाबतीत मात्र तक्रार करावी की नाही, हा निर्णय तिचा आहे. तो शिक्षकाने, प्राचार्यांनी किंवा नातेवाइकांनी घ्यावयाचा नाही.

'पालकांना बोलावून घ्या' ही महाविद्यालयांची सवय येथे घातक ठरते. माहिती पोलिसांना द्यावी असे कायदा सांगतो. पालकांना द्यावी असे नव्हे. पालकच आरोपी असू शकतो. पोक्सोच्या कलम 26 नुसार जबाब पालकांच्या किंवा बालकाचा विश्वास असलेल्या अन्य व्यक्तीच्या उपस्थितीत नोंदविता येतो. ती अन्य व्यक्ती शिक्षिकाही असू शकते, याची फारशी कोणाला कल्पना नसते.

उपचार आणि घर

घटना अलीकडची असेल तर रुग्णालय आधी. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. शासकीय असो वा खासगी, कोणतेही रुग्णालय विनामूल्य उपचार नाकारू शकत नाही, आणि उपचारासाठी आधी गुन्हा नोंदविण्याची अट नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'सेहत' संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्राने रुग्णालयातच समुपदेशन मिळू शकते, हे दाखवून दिले. 'दोन बोटांची चाचणी' केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याज्य ठरविली. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये बजावले.

यानंतरचा प्रश्न सर्वांत बिकट : घर कोणी सोडावयाचे? प्रथा अशी की मुलीला मामाकडे पाठवितात, तिचे शिक्षण थांबते, आणि आरोपी घरीच राहतो. याला 'घराण्याची अब्रू राखणे' म्हणतात. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा (2005) केवळ विवाहित स्त्रियांसाठी आहे, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. एकत्र राहणारी मुलगी वा बहीणही त्याखाली दाद मागू शकते. लैंगिक छळ त्याच्या व्याख्येत येतो, आणि कलम 19 नुसार दंडाधिकारी प्रतिवादी पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात. अल्पवयीन मुलीचा आरोपी त्याच घरात राहत असेल, तर पोलिसांनी तिला 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. समिती खटल्याच्या काळात सोबत करण्यासाठी 'सहायक व्यक्ती'ही नेमू शकते.

सुकापूरच्या रहिवाशाची आणखी एक पंचाईत आहे. गाव ग्रामपंचायतीचे, जिल्हा रायगड, मुख्यालय अलिबागला. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. मनोधैर्य योजनेचे (2013) अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते, म्हणजे त्यासाठी नजर अलिबागकडे. धक्क्यातून न सावरलेल्या कुटुंबाला हे नकाशे कळत नाहीत. कोणते काम कोठे होते, याचा एक पानी तक्ता 1098 आणि 181 या हेल्पलाईन क्रमांकांसह महाविद्यालयाने तयार ठेवणे अवघड नाही. अंतर्गत तक्रार समिती घरातील घटनेची चौकशी करू शकत नाही, हे खरे. परंतु 'आमच्या कक्षेत येत नाही' एवढे सांगून विद्यार्थिनीला परत पाठविणे तिच्या सदस्यांना शोभत नाही.

महाविद्यालयाच्या हाती निखळ आपल्या अधिकारातील काही गोष्टी आहेत. न्यायालयाच्या तारखांमुळे बुडालेल्या तासांसाठी 75 टक्के उपस्थितीच्या अटीत सवलत, चुकलेल्या अंतर्गत परीक्षेची पुन्हा संधी, आणि नाव स्टाफरूममध्ये न उच्चारले जाण्याची दक्षता. शुल्काचा प्रश्नही येतोच. कारण काही प्रकरणांत आजवर शुल्क भरणारा बापच आता आरोपी असतो, आणि पुढच्या सत्राची पावती कोणाच्या नावे फाडावयाची, हे महाविद्यालयीन कार्यालयाला ठरवावे लागते.