पालाला नंबर नसतो

28 फेब्रुवारी 2011. महाशिवरात्र दोन दिवसांवर, त्यामुळे मिट्ट काळोख. नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगाव मागे टाकून मी अहमदपूरकडे चाललो होतो. खांद्याला जनगणनेच्या फॉर्मांची पिशवी, हातात बॅटरी. घरोघरची मोजणी झाली होती. देशातले बेघर या एका रात्रीत मोजायचे होते.

बेघर कुठे सापडतात ते प्रशिक्षणात सांगितलं होतं: फुटपाथ, उड्डाणपुलाखाली, मोठे पाइप, रेल्वे फलाट. माझ्या गटात यातलं काहीच नव्हतं. होती ती गायरानातली घिसाड्यांची तीन पालं, दिवसा हेरून ठेवलेली. रब्बीच्या काढणीआधी विळे-खुरपी करायला ते येतात. आदल्या उन्हाळ्यात घरयादी झाली तेव्हा इथे मोकळं माळरान होतं. मग पालाला घरनंबर कुठून असणार?

कुत्री भुंकली. आतून कुणी ओ देईना. रात्री पालावर येतात ते पोलीस, हा त्यांचा अनुभव. “शाळेचा मास्तर आहे,” असं तीनदा सांगितल्यावर म्हातारी बाहेर आली.

“पोराचा जन्म कधीचा, आजी?”

“भूकंप झाला तवा पोटात होता. थंडीत झाला.”

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. मी वय 17 लिहिलं.

“जन्मगाव?”

“ह्याचं उदगीरच्या रस्त्याला. माझं परळीकडं. लगीन माळेगावच्या जत्रंत. कोणतं लिव्हता ते लिव्हा, गुरुजी.”

ऊसतोडीला गेलेल्यांचं गावात निदान कुलूप लावलेलं घर असतं. इथे तेही नाही. जातीच्या प्रश्नाशी पेन थांबलं. त्या गणनेत फक्त अनुसूचित जाती-जमातींची नोंद होती. घिसाडी आपल्याकडे भटक्या जमातींत. रकाना कोराच राहिला. भाता, ऐरण, घण मारणारी सून, यांतलं काही त्या कागदावर आलं नाही, याची बोच मला आजही आहे.

पुढे आकडे आले: देशात सुमारे 17.7 लाख बेघर, त्यांतले 8.3 लाखांवर ग्रामीण भागात. माझ्या पिशवीतली 14 माणसं त्यांत आहेत. पलीकडच्या ओढ्याकाठी आणखी दोन पालं होती, हे मला सकाळी कळलं. मी पोचलो तेव्हा तिथे फक्त चुलीची राख होती.

पुढची गणना फेब्रुवारी 2027 मध्ये आहे, आणि त्यात सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे. तुमच्या शिवारात पाल पडलं असेल, तर प्रगणकाला आधीच सांगून ठेवा. शक्य झालं तर बेघर मोजायच्या रात्री त्याच्यासोबत जा.